पावणेपाच इंचांतलं क्वीन्सब्रिज : रॅप अल्बमचं कव्हर कसं वाचायचं

रॅप अल्बमच्या कव्हरवर लिहिताना बहुतेक जण थेट अर्थावर उडी मारतात. गळ्यातली साखळी म्हणजे श्रीमंती, काळा-पांढरा फोटो म्हणजे गांभीर्य, लहान मुलाचा चेहरा म्हणजे हरवलेलं बालपण. एवढं लिहायला कव्हर समोर असायचीही गरज नसते, कुणी फोनवर वर्णन करून सांगितलं तरी भागतं. अशी विश्लेषणं एकमेकांसारखी वाटतात ती त्यामुळेच.

कव्हर ही आधी एक छापील वस्तू असते. ती केवढी असेल, दुकानात कशी मांडली जाईल, गिऱ्हाइकाला किती लांबून दिसेल, तिचा कुठला कोपरा आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला आहे, हे सगळं फोटो काढायच्या आधीच ठरलेलं असतं. डिझायनर या अडचणींतून वाट काढत असतो. म्हणून वाचायचंही त्याच क्रमाने. आधी वस्तू, मग मांडणी, मग चित्र, आणि अर्थ सगळ्यात शेवटी. इथे मुख्य उदाहरण घेतलं आहे ते न्यूयॉर्कचा रॅपर नाझ याच्या 'इलमॅटिक'चं. कोलंबिया कंपनीने हा अल्बम १९ एप्रिल १९९४ रोजी बाजारात आणला. बाकीची कव्हरं गरजेप्रमाणे मध्ये येतील.

मोजपट्टी आधी

१९९४ साली तोच अल्बम तीन आकारांत मिळत होता : एलपी (मोठी रेकॉर्ड), कॅसेट आणि सीडी. कोलंबियाच्या अमेरिकन मालात कॅटलॉग क्रमांकाच्या आधीची अक्षरंच आकार सांगतात. एलपीला सी, कॅसेटला सीटी, सीडीला सीके. एलपीचं जॅकेट साधारण ३१.५ सेंटिमीटरचा चौरस. सीडीच्या पुस्तिकेचं पान १२ सेंटिमीटरचं, म्हणजे पावणेपाच इंचांचं. लांबी-रुंदीत हा फरक अडीच पटींचा वाटतो, पण क्षेत्रफळात सीडीच्या वाट्याला एलपीचा जेमतेम सातवा हिस्सा येतो. एलपीवर बोटाएवढं दिसणारं काही सीडीवर नखाएवढं होतं.

कॅसेटची अडचण वेगळीच. तिच्या कार्डाची पुढची बाजू साधारण ६५ बाय १०१ मिलिमीटर, म्हणजे उभी. चौकोनी चित्र तिच्यात बसवायचे दोनच मार्ग. एक, चित्र पूर्ण उंचीने बसवायचं आणि दोन्ही बाजू मिळून ३६ मिलिमीटर कापून टाकायचे, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त चित्र गेलं. दोन, ६५ मिलिमीटरचा चौरस ठेवायचा आणि उरलेल्या पट्टीत नाव छापायचं. त्या काळात रॅप मोठ्या प्रमाणावर कॅसेटवर, गाडीत आणि वॉकमनवर ऐकलं जायचं. त्यामुळे त्या दशकातल्या कुठल्याही रॅप कव्हरला पहिला प्रश्न हाच विचारावा : बाजू कापल्या तर काय उरतं? घोळका आडवा उभा केला असेल तर कडेची माणसं जातात. 'इलमॅटिक'मध्ये चेहरा मधोमध आणि मोठा आहे. कसंही कापा, तो टिकतो.

स्पाइनकडे, म्हणजे डबीच्या अरुंद कडेकडे, कुणी पाहत नाही, आणि ही चूक आहे. सीडीच्या डबीत मागे बसणारं कार्ड १५१ बाय ११८ मिलिमीटरचं असतं. त्याच्या दोन्ही कडा दुमडून प्रत्येकी साडेसहा मिलिमीटरची पट्टी तयार होते. सीडी घरी आली की पुढची वीस वर्षं मालकाला दिसते ती एवढीच. या पट्टीवर गायकाचं नाव, अल्बमचं नाव आणि क्रमांक, तिन्ही बसवायचे असतात. अक्षरं पट्टीच्या मानाने फार मोठी केली तर दुमड जराशी सरकताच अक्षराचा तुकडा मागच्या बाजूला जातो. विश्लेषण करताना स्पाइनवरचा रंग पुढच्या चित्रातून आलाय की मागच्या कार्डाच्या पार्श्वभूमीतून, हे बघावं. डिझायनरने मांडणी किती पुढपर्यंत विचारात घेतली होती, ते त्यावरून कळतं.

चेहऱ्यात रस्ता, रस्त्यात चेहरा

आता चित्र. 'इलमॅटिक'च्या कव्हरवर दोन फोटो एकमेकांवर चढवलेले आहेत. एक फोटो सात वर्षांच्या नाझचा. तो त्याच्या वडिलांनी, जॅझ वादक ओलू डारा यांनी काढलेला. दुसरा, नाझ जिथे वाढला त्या न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिज वसाहतीचा, छायाचित्रकार डॅनी क्लिंच यांचा. अल्बम आला तेव्हा नाझ वीस वर्षांचा होता, म्हणजे दोन फोटोंमध्ये एका तपाहून अधिक अंतर. दोन्हींचा कॅमेरा, फिल्म आणि उजेड वेगळा. नुसतं एकावर एक ठेवलं असतं तर जोड उघडा पडला असता. म्हणून सगळ्यावर एकच तपकिरी छटा चढवलेली आहे. या छटेला 'जुन्या आठवणींचा रंग' म्हणून लोक मोकळे होतात. तो परिणाम आहेच, पण ती आधी जोडकामाची गरज आहे. एका छटेत बुडवले की दोन फोटोंच्या रंगांतली तफावत नाहीशी होते, उरते ती फक्त उजेड-अंधाराची.

हे चढवणं कसं काम करतं ते नीट बघण्यासारखं आहे. दोन प्रतिमा मिसळताना एकीचा उजळ भाग दुसरीतलं काही झाकतो किंवा उघडं ठेवतो. कुठे काय झाकायचं हेच डिझायनरचं कसब. डोळे, नाकपुड्या, ओठ या ठिकाणी चेहरा पक्का राहिला नाही तर तो ओळखू येत नाही. कपाळ आणि गाल मात्र मोकळे असतात, तिथून इमारत दिसली तरी बिघडत नाही. एक साधा प्रयोग करता येतो. कागदाची पट्टी घेऊन डोळे झाका : कव्हर लगेच रस्त्याचा फोटो होतं. मग पट्टी खाली सरकवा : पुन्हा मुलाचा फोटो. कुठल्या इंचाने चित्राचा विषय बदलतो हे असं हाताने शोधलं की 'मूल आणि वस्ती एकरूप झाली आहेत' हे वाक्य लिहायचा हक्क मिळतो. त्याआधी नाही.

मापांचा उलटा खेळही लक्षात घ्यावा. क्वीन्सब्रिज ही उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी सरकारी गृहवसाहत. १९३९ मध्ये सुरू झालेली, सहा मजली ९६ इमारतींची, तीन हजारांहून जास्त घरांची. कव्हरवर त्या वसाहतीपेक्षा सात वर्षांचा मुलगा मोठा आहे. तो जमिनीवर उभा नाही, त्याला पाय नाहीत, सावली नाही. म्हणजे तो रस्त्यावर नाहीच, रस्ता त्याच्यात आहे. त्याच्या चेहऱ्यावर हसूही नाही. घरगुती अल्बममधल्या फोटोत मुलाला सहसा हसवलं जातं, त्यामुळे इथला गंभीर चेहरा निवडलेला आहे हे धरायला जागा आहे.

आणि काय नाही, तेही मोजा. बंदूक नाही, गाडी नाही, मित्रांचा घोळका नाही, दागिना नाही. पण 'नाही'ची यादी करताना सावध राहावं लागतं. कव्हरवर हत्तीही नाही, त्याला काही अर्थ नाही. ज्या गोष्टी त्याच वर्षी शेजारच्या खणात ठेवलेल्या कव्हरांवर सर्रास होत्या, त्यांचंच नसणं बोलतं.

वंशावळ

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कचाच रॅपर नटोरियस बी.आय.जी. ऊर्फ बिगी याचा 'रेडी टू डाय' आला. पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर मोठ्या केसांचं एक बाळ. पुढच्या वर्षी रेक्वॉनच्या 'ओन्ली बिल्ट फॉर क्यूबन लिंक्स' या अल्बमवर रेक्वॉन आणि घोस्टफेस किला या वू-टँग क्लॅन गटातल्या रॅपरांनी गाण्यांमधल्या एका संवादात सरळ टोमणा मारला, की हे कव्हर नाझवरून उचललेलं आहे. कव्हरची कल्पना कुणाची यावरून अल्बममध्येच भांडण निघतं, यावरून या संगीतात कव्हरला किती किंमत होती ते समजतं. पुढे २००८ मध्ये लिल वेनने 'द कार्टर थ्री'साठी स्वतःचा बालपणीचा फोटो घेतला आणि त्यावर मोठेपणीचे टॅटू चढवले.

तिन्ही कव्हरांवर मूल आहे, म्हणून तिन्ही एका माळेत ओवली जातात. इथे चूक होते. नाझचा फोटो खरा नाझचा आहे. 'रेडी टू डाय'वरचं बाळ बिगी नाही, ते निवडून आणलेलं बालमॉडेल आहे. पहिला पुरावा आहे, दुसरं पात्र. वेनचा फोटो खरा असून त्यावर उघड उघड खोटं चढवलेलं आहे. लेखनात हा फरक आला नाही तर सगळा डोलारा चुकीच्या पायावर उभा राहतो. रचनाही वेगळ्या आहेत. पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकच गडद आकार, ही लांबून ओळखू येणारी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हमखास मांडणी आहे. 'इलमॅटिक'च्या तुलनेत 'रेडी टू डाय' दुकानात चार पावलं आधी दिसतो. 'इलमॅटिक' हातात घेतल्यावर जास्त वेळ धरून ठेवतो. दोन्ही गुण एकाच कव्हरमध्ये क्वचित येतात.

कोपऱ्यातला शिक्का

बहुतेक रॅप कव्हरांच्या एका कोपऱ्यात काळा-पांढरा 'पेरेंटल ॲडव्हायझरी' शिक्का असतो. अमेरिकेत १९८५ मध्ये टिपर गोर आणि इतर काही जणींनी स्थापन केलेल्या पेरेंट्स म्युझिक रिसोर्स सेंटरने गाण्यांतल्या भाषेवरून मोहीम चालवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिनेटपुढे सुनावणी झाली आणि रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने इशारा छापायचं मान्य केलं. सगळ्यांसाठी एकच ठरावीक शिक्का आला तो १९९० मध्ये. कायद्याची सक्ती नव्हती, पण वॉलमार्टसारखी साखळी दुकानं शिक्का असलेला माल ठेवत नसत. म्हणून त्याच अल्बमच्या शिव्या गाळलेल्या 'क्लीन' प्रती निघू लागल्या.

विश्लेषणाला याचे दोन थेट उपयोग. पहिला, कालनिर्णय. १९९६ पर्यंत शिक्क्यात 'एक्स्प्लिसिट लिरिक्स' असे शब्द होते, मग ते 'एक्स्प्लिसिट कंटेंट' झाले. १९९४ च्या म्हणवणाऱ्या प्रतीवर दुसरे शब्द असतील तर ती नंतरची छपाई आहे. दुसरा, शिक्का चित्रात छापलाय की प्लॅस्टिकच्या वेष्टनावर चिकटवलाय ते बघणं. चिकटवलेला असेल तर वेष्टन काढल्यावर कव्हर मूळ रूपात येतं. छापलेला असेल तर तो रचनेचाच भाग झाला. मग प्रश्न असा की डिझायनरने त्याच्यासाठी जागा राखली होती, की तयार चित्रावर तो शेवटी येऊन बसला? पूर्ण काळा-पांढरा असल्यामुळे त्यातला उजेड-अंधाराचा फरक बहुतेक फोटोंपेक्षा तीव्र असतो आणि डोळा आधी तिकडे जातो. मऊ छटांच्या फोटोवर तो फार खुपतो. पुढे या शिक्क्याचं वजन इतकं वाढलं, की ज्यांना तो लावायची काही गरज नव्हती ते गायकही मिक्सटेपवर (कंपनीशिवाय स्वतःच काढलेल्या गाण्यांच्या संचावर) हौसेने लावू लागले.

चकचकाटाची बाजू

आतापर्यंतची उदाहरणं समीक्षकांच्या आवडीची आहेत. ह्यूस्टनच्या पेन अँड पिक्सेल या स्टुडिओची कव्हरं मात्र बराच काळ चेष्टेचा विषय होती. ॲरन आणि शॉन ब्रॉक या भावांनी १९९२ मध्ये तो सुरू केला. नो लिमिट आणि कॅश मनी या दक्षिणेतल्या कंपन्यांची शेकडो कव्हरं तिथे झाली. जुवेनाइलचा १९९८ चा 'फोर हंड्रेड डिग्रीझ' हे त्यांचं ओळखीचं उदाहरण. हिऱ्यांनी मढवलेली अक्षरं, ज्वाळा, गाड्या, बंगले, आणि मधोमध गायक. १९९४ मध्ये फोटोशॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले, म्हणजे प्रत्येक वस्तू वेगळ्या थरात ठेवून हवी तशी हलवता येऊ लागली. ही कव्हरं त्या सोयीवर उभी आहेत.

ती वाचायची तर थर सोडवत जायचं. मागचा थर आकाश किंवा शहर, मधला थर मालमत्ता, पुढचा थर माणूस, सगळ्यांच्या वर अक्षरं. मग प्रत्येक थरातला उजेड कुठून येतो ते बघा. गायकावर डावीकडून, गाडीवर उजवीकडून, ज्वाळांचा उजेड कुणावरच नाही. सावल्या जमिनीला टेकत नाहीत. हे दोष आहेत का? वास्तववादी फोटो म्हणून पाहिलं तर आहेत. पण ही कव्हरं लहान शहरांतल्या दुकानांत, राष्ट्रीय पातळीवर नाव नसलेल्या गायकांची होती. रेडिओ नाही, व्हिडिओ नाही, कव्हरलाच सगळी ओरड करायची होती. तिथे खोटेपणा लपवायचा नव्हताच. स्टुडिओ २००३ मध्ये बंद झाला. आज हीच शैली मुद्दाम उसनी घेतली जाते, आणि नक्कल ओळखायची खूण अशी की नकलेतला उजेड फार बरोबर असतो.

एका अक्षराचं काम

अक्षरांबद्दल थोडक्यात. पब्लिक एनिमी या गटाचा रॅपर चक डी ॲडेल्फी विद्यापीठात ग्राफिक डिझाइन शिकला होता आणि गटाचं चिन्ह त्याने स्वतः तयार केलं : नेमबाजाच्या वर्तुळात सापडलेली माणसाची काळी आकृती. टोपीमुळे अनेकांना ती पोलिसाची वाटते. मुळात ती रॅपर एलएल कूल जे याचा साथीदार ई-लव्ह याच्या फोटोवरून घेतलेली आहे. वू-टँग क्लॅनचा डब्ल्यू मॅथेमॅटिक्स या डीजेने काढला. दोन्ही चिन्हं एकाच रंगात, एकही करडी छटा न वापरता छापता येतात. टी-शर्टवर, भिंतीवर स्टेन्सिलने, एक सेंटिमीटरच्या बिल्ल्यावर, कुठेही. चिन्हाची परीक्षा ती एवढीच : फोटोकॉपी मशीनमधून तीनदा काढल्यावर ते शिल्लक राहतं का?

आतली पानं

पुस्तिका पिनांनी शिवलेली असेल तर पानं चारच्या पटीत असतात : चार, आठ, बारा, सोळा. नुसती घड्या घातलेली असेल तर पिना नसतात आणि पूर्ण उघडल्यावर मागे पोस्टर निघू शकतं. आधी पानं मोजा, मग गीतं छापलीत की नाहीत ते बघा. गीतं नसतील तर ती जागा कशाला दिली, हे बघणं जास्त रंजक ठरतं. रॅपमध्ये ती बहुतेक वेळा आभारांना दिलेली असते. आपल्याकडच्या लग्नपत्रिकेत कुणाचं नाव निमंत्रकांत, कुणाचं 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'मध्ये, आणि कुणाचं मुळीच नाही, यावरून घरातलं सगळं राजकारण वाचता येतं. आभारांची पानं तशीच वाचायची. कोण आधी, कोण कंसात, कोण गायब. पुढच्या अल्बमच्या पानाशी ताडून पाहिलं तर दोस्त्या तुटल्याच्या तारखा लागतात.

श्रेयनामावलीही डिझाइनचाच भाग आहे. डिसेंबर १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीविरुद्धच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने परवानगीशिवाय सॅम्पल (दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातून उचललेला तुकडा) वापरण्याविरुद्ध कडक निकाल दिला. तिथून पुढे सॅम्पलची परवानगी घेणं आणि ती छापणं अटळ झालं. बारीक अक्षरांचे परिच्छेद लांबत गेले. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरं चार रंगांत छापली की चारही रंग एकमेकांवर अचूक बसावे लागतात. केसभर जरी सरकले तरी अक्षरांच्या पोकळ्या शाईने भरतात. म्हणून सहा पॉइंटांहून (सुमारे दोन मिलिमीटर) लहान पांढरं अक्षर टाळावं, आणि टाळता येत नसेल तर खालचा काळा निव्वळ काळ्या शाईचा ठेवावा. जुन्या सीडींवरची नामावली भिंगाशिवाय वाचता येत नाही, त्यामागे बहुतेकदा हे कारण असतं.

'इलमॅटिक'च्या नामावलीत मात्र छपाईपेक्षा मजकूरच बघण्यासारखा आहे. डीजे प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप, लार्ज प्रोफेसर, एल.ई.एस. एका अल्बमवर इतके निर्माते, म्हणजे गाण्यांचं संगीत रचणारे, असणं तेव्हा नवलाचं होतं. एलपीच्या दोन बाजूंना ए आणि बी न म्हणता 'फोर्टिएथ साइड नॉर्थ' आणि 'फोर्टी-फर्स्ट साइड साउथ' अशी नावं दिलेली आहेत. क्वीन्सब्रिजचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग आहेत, आणि ४० व ४१ हे तिथल्या रस्त्यांचे आकडे. रेकॉर्ड उलटणं म्हणजे वस्ती ओलांडणं. हे फक्त हातात घेतल्यावरच कळतं, आणि माझ्या मते या पॅकेजिंगमधली सगळ्यात हुशार जागा हीच आहे.

वेष्टन बोलतं तेव्हा

पॅकेजिंगचा आकार बरेचदा संगीताच्या लांबीने ठरतो. एलपीच्या एका बाजूला चांगल्या आवाजात साधारण वीस मिनिटं मावतात. 'इलमॅटिक' चाळीस मिनिटांचा, म्हणून एका तबकडीत बसला. रॅपर केंड्रिक लमारचा २०१५ चा 'टू पिंप अ बटरफ्लाय' जवळपास ७९ मिनिटांचा. तो सीडीवर काठोकाठ मावतो, पण एलपीला दोन तबकड्या लागतात आणि त्यासोबत उघडणारं गेटफोल्ड जॅकेट येतं. म्हणजे डिझायनरला आतली ६३ सेंटिमीटरची आडवी जागा आपसूक मिळते.

त्या अल्बमच्या पुढच्या बाजूला फ्रेंच छायाचित्रकार दनी रूव्र यांचा काळा-पांढरा फोटो आहे. व्हाइट हाउससमोरच्या हिरवळीवर उघड्या अंगाच्या काळ्या पुरुषांचा आणि मुलांचा घोळका, हातांत नोटांच्या गड्ड्या, मधोमध बाळ घेतलेला केंड्रिक. सगळ्यांच्या पायाशी एक न्यायाधीश आडवा पडलाय, डोळ्यांवर फुल्या मारलेला. हे चित्र फोनवर एक सेंटिमीटरचं करून बघा. वर पांढरी इमारत, खाली गडद पट्टा, एवढंच उरतं. न्यायाधीश नाहीसाच होतो. एलपीवर मात्र डोळा इमारतीवरून चेहऱ्यांवर, तिथून नोटांवर आणि शेवटी खाली येतो. सगळ्यात जड गोष्ट सगळ्यात शेवटी सापडावी अशी मांडणी आहे. लहान आकारात ती कोसळते, पण हा तोटा स्वीकारलेला दिसतो.

याच्या पुस्तिकेत ब्रेल लिपीही आहे. अशा ठिकाणी डोळे मिटून बोट फिरवावं. बोटाला वाचता येणाऱ्या ब्रेलचे ठिपके साधारण अर्धा मिलिमीटर उंच उठलेले असावे लागतात आणि एका अक्षरातल्या दोन ठिपक्यांच्या केंद्रांत अडीच मिलिमीटर अंतर लागतं. ठिपके नुसते शाईचे असतील तर ते डोळस वाचकासाठी काढलेलं चित्र आहे. उठावाचे असतील तर बोटासाठी मजकूर. दोन्हींवर लिहायचं वाक्य पूर्ण वेगळं होतं.

रेक्वॉनच्या १९९५ च्या त्याच अल्बमची कॅसेट पारदर्शक जांभळ्या प्लॅस्टिकची होती, इतकी ओळखीची की तिला नुसतं 'पर्पल टेप' म्हणतात. रस्त्यावर माल विकणारे आपला माल वेगळा ओळखू यावा म्हणून खूण करतात, तशी ही कल्पना असल्याचं रेक्वॉनने सांगितलंय. इथे कव्हरला हातच लावलेला नाही. रंग मूळ वस्तूला दिलाय, आणि अल्बम गुन्हेगारीच्या धंद्याबद्दल असल्यामुळे खूण आणि विषय एकच होतात. खर्चाच्या मानाने याहून जास्त काम करणारी युक्ती सापडणं कठीण.

रॅपर कान्ये वेस्टने २०१३ च्या 'यीझस'मध्ये उलट टोक गाठलं. पारदर्शक डबी, आत चित्र नसलेली चंदेरी तबकडी, पुस्तिका नाही, आणि उघडायच्या बाजूला लाल चिकटपट्टी. अल्बम ऐकायचा तर ती पट्टी फाडायची किंवा कापायची, म्हणजे कव्हरवर जे एकमेव डिझाइन होतं ते मोडायचं. गंमत अशी की ऑनलाइन विक्रीसाठी चौकोनी चित्र लागतंच. तेव्हा त्या डबीचाच फोटो चित्र म्हणून वापरला गेला, आणि 'कव्हर नसलेला अल्बम' स्क्रीनवर नेहमीसारखं कव्हर घेऊन बसला. वू-टँगच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन शाओलिन'ची एकुलती एक प्रत हाताने घडवलेल्या निकेल-चांदीच्या पेटीत, १७४ पानांच्या ग्रंथासह २०१५ मध्ये विकली गेली. बातमी म्हणून ते मोठं, पण डिझाइन म्हणून त्यातून शिकण्यासारखं कमी. एकच प्रत असल्यावर छपाई, दुकान, अंतर यांपैकी एकही अडचण उरत नाही.

भिंग आणि आवृत्ती

शेवटचं काम कंटाळवाणं, पण तेच सगळ्यात जास्त वेळा चुकतं. कुठल्या प्रतीवर लिहितोय ते ठरवा. गाजलेल्या अल्बमच्या डझनभर आवृत्त्या निघतात आणि छपाईची मूळ फिल्म हरवलेली असेल तर नवं जॅकेट जुन्या छापील जॅकेटच्या स्कॅनवरून केलं जातं. दहा पट दाखवणारं भिंग घ्या. चार रंगांच्या छपाईत फोटोमध्ये बारीक ठिपक्यांची फुलं दिसतात. मूळ छपाईत काळ्या अक्षरांच्या कडा सलग आणि धारदार असतात. स्कॅनवरून केलेल्या प्रतीत अक्षरांच्या कडांनाही ठिपके येतात, कारण मजकूरसुद्धा फोटोचाच भाग बनलेला असतो. जुन्या ठिपक्यांवर नवे ठिपके चढले तर सपाट भागात जाळीसारखे पट्टे उमटतात.

झीज आणि डिझाइन यांचीही गल्लत होते. एलपी दाटीने रचून ठेवल्या की आतल्या तबकडीची कड जॅकेटवर वर्तुळ उमटवते. गडद, लॅमिनेशन नसलेल्या कव्हरवर ते लवकर दिसतं. गेटफोल्डच्या घडीवर गडद शाई फुटून पांढरी रेघ येते. दोन्ही काळाचे व्रण आहेत, कुणी आखलेले नाहीत.

स्क्रीनवरून काम करायचं असेल तर आकडे लक्षात ठेवा. आज डिजिटल विक्रीसाठी सहसा ३००० पिक्सेलचं चौकोनी चित्र मागतात. तेच एलपीच्या आकारात छापलं तर इंचाला साधारण २४० ठिपके पडतात, छपाईच्या ३०० या नेहमीच्या मागणीपेक्षा कमी, पण चालून जाणारे. इंटरनेटवर सहज सापडणारं ६४० पिक्सेलचं चित्र सीडीच्या आकारातही इंचाला १३५ वरच थांबतं. अशा चित्रावरून अक्षराची जाडी, कागदाचा पोत किंवा फोटोतला दाणा यांविषयी काहीही लिहू नये. रंगाबद्दल तर नकोच. 'इलमॅटिक'ची तपकिरी छटा एका संकेतस्थळावर नारिंगीकडे झुकते, दुसऱ्यावर मातकट दिसते. निदान दोन छापील प्रती, दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात, आणि लेखात त्यांचे कॅटलॉग क्रमांक व छपाईचं वर्ष द्यावं.